तारखेचा एक मार्क

माणसं गळतात. आमच्या कामात याला गळतीच म्हणतात, नळाची म्हणावी तशी. काम असं की म्हाताऱ्या माणसांची आठवण वर्षावर्षाला कशी बदलते, ते पाहायचं. साठीच्या पुढची माणसं एकदा ठरवून घेतली, की दर वर्षी त्याच माणसाच्या घरी जायचं आणि तेच प्रश्न विचारायचे. आज वार कोणता, महिना कोणता, हे तीन शब्द लक्षात ठेवा, आता परत सांगा. पहिल्या वर्षी सगळे हौसेने बसतात. दुसऱ्या वर्षी कुणी लेकीकडे गेलेलं असतं, कुणी देवाघरी, आणि कुणी आतून ओरडून सांगतं, “नाही म्हणून सांग त्या बाईंना.”

ती बाई म्हणजे मी. मुळात मी शिकवणीवाली. विरारला मनवेलपाड्यात आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर कितीतरी वर्षं चौथीपर्यंतच्या पोरांच्या शिकवण्या घेतल्या. मग पोरं मोठमोठ्या क्लासला जायला लागली, माझी चटई रिकामी पडली, आणि ओळखीतून हे काम मिळालं. आमच्या डॉक्टर मॅडमनी मुलाखतीतच विचारलं होतं, “तुम्ही चिडक्या आहात का?” मी म्हटलं, “आहे. पण उत्तर चुकणाऱ्यावर नाही चिडत, न येणाऱ्यावर चिडते.” त्या हसल्या आणि मला घेतलं.

गळतीचं मला सुरुवातीला काही वाटायचं नाही. एक गेला तर गेला, यादीत बाकीचे आहेत ना! एकदा मी तसं बोलून दाखवलं, तर मॅडम एकदम गंभीर झाल्या. म्हणाल्या, “निघून कोण जातं ते बघा ना. ज्याला आठवेनासं झालंय तोच प्रश्नांना घाबरतो, तोच दार लावून घेतो. मग आपल्याकडे उरतात सगळे ठणठणीत. आणि आपण कागदावर लिहिणार, की इकडची म्हातारी माणसं मजेत आहेत.” झालं! त्या दिवसापासून बंद दार दिसलं, की मी दहा पावलं जाऊन परत मागे वळायला लागले.

माझ्या यादीत अर्नाळ्याच्या एक मावशी होत्या. कोळीवाड्यात घर, मुलगा होडीवर, सून वालीवला एका कारखान्यात पॅकिंगला. मावशींनी जन्मभर मासळी विकली. आता टोपली डोक्यावर घेत नव्हत्या, पण किनाऱ्यावर बोंबील वाळत घातले की राखायला त्याच. पहिल्या वर्षी मी गेले तेव्हा मला पायापासून डोक्यापर्यंत बघून म्हणाल्या, “काय गो बाय, कोनाची तू? बस.” आणि मी काही विचारायच्या आत पुढ्यात चहा आणि बटर आले.

मी फॉर्म काढला. “मावशी, आज तारीख काय?”

“दसमी,” त्या म्हणाल्या. “काळोखातली.”

“तिथी नव्हे हो, तारीख. इंग्रजी तारीख सांगा.”

“तारखेनं काय पानी चढते?” मावशींनी मलाच विचारलं.

मी साताऱ्याकडची. आमच्याकडे तिथी म्हणजे उपास. चतुर्थीला साबुदाणा, एकादशीला भगर, संपलं. फॉर्मवर तारखेपुढे चौकोन होता आणि सूचना स्पष्ट होती, तारीख बरोबर असेल तर एक, नसेल तर शून्य. मी शून्य घातलं. बाकी सगळं त्यांनी धडाधड सांगितलं. तीन शब्द तर दोनदा सांगितले, एकदा मला आणि एकदा शेजारणीला, की बघ, मना येतात.

दुसऱ्या वर्षी पुन्हा तसंच. “आज चौथ.” या वेळी मी घरून निघताना भिंतीवरच्या कॅलेंडरात बघून आले होते. बरोबर चतुर्थीच होती. मी म्हटलं, “मावशी, तुम्ही कॅलेंडर बघता का?” तर हसून लोळायच्या बाकी राहिल्या. त्यांनी माझा हात ओढून घेतला आणि माझ्याच बोटांची पेरं मोजत मला शिकवलं. तिथीची पाऊणपट करायची. चारची पाऊणपट तीन. म्हणजे तीनला भरती. त्यापुढे सहा तासांनी ओहोटी. मग परत भरती. “त्यातच समदा आलं,” म्हणाल्या. “होडी कवा येल, मासली कवा, बाजार कवा, जेवान कवा.” त्यांचा मुलगा आता मोबाईलवर पाणी बघतो, यावर त्यांनी जे तोंड वाकडं केलं ते मी अजून विसरले नाही. अख्ख्या आयुष्याचं घड्याळ त्या बोटांवर होतं, आणि माझ्या फॉर्मवर पुन्हा शून्य.

मी मॅडमना सांगितलं. म्हटलं, हा अन्याय आहे, तिथी धरा. त्या म्हणाल्या, मधेच प्रश्न बदलता येत नाही, नाहीतर पहिल्या वर्षाची तुलना शेवटच्या वर्षाशी कशी करणार? फार तर समासात लिहा. मग मी समासात बारीक अक्षरात लिहायला लागले: तिथी बरोबर सांगितली. शिकवणीवाल्या बाईचं समाधान, दुसरं काय.

आता माझी चूक सांगते. ती सांगितल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. माझ्या जिभेला हाड नाही. तिसऱ्या वर्षी मावशींना जरा वेळ लागला. पेरं मोजली, परत मोजली, मग म्हणाल्या, “बारस.” द्वादशीच होती, मी बघून आले होते. सून त्या दिवशी सुट्टीवर होती, दारात उभी राहून ऐकत होती. मी शून्य लिहिलं आणि पोरांना म्हणायची सवय तशी म्हणून गेले, “काय मावशी, तारखेला यंदापण नापास! पुढच्या वर्षी पाठ करून ठेवा हं.”

मावशी हसल्या. मीही हसले. सून हसली नाही. ते मला दिसलं होतं, आणि तरी मी बटर चहात बुडवून खात बसले.

चौथ्या वर्षी मी फोन केला. पहिल्यांदा उचलला नाही. दुसऱ्यांदा सुनेने उचलला आणि म्हणाली, “आईंना बरं नाहीये, या वर्षी राहू दे ना.” मी म्हटलं, बरं वाटलं की येते. आठवड्याने पुन्हा फोन. “त्या पाचूबंदरला माझ्या नणंदेकडे गेल्यात.” कधी येणार? “नक्की नाही.” आवाज अगदी सरळ, पण कागदावरून वाचून दाखवल्यासारखा.

आमचा नियम असा की महिनाअखेरपर्यंत भेट झाली नाही, तर त्या माणसापुढे लिहायचं, या फेरीत नाही. आणि घरच्यांनी साफ नको म्हटलं, तर लिहायचं, नकार. नकार आला की कारण खोदून विचारायचं नाही, गळ घालायची नाही. सही घेतो त्या कागदाच्या पहिल्याच पानावर आहे, की तुम्ही केव्हाही, कारण न देता बाहेर पडू शकता. मी स्वतः घरोघरी ते मोठ्याने वाचून दाखवते. दुसऱ्यांच्या बाबतीत फार छान नियम आहे तो.

माझा जीव टांगणीला लागला. भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना डोक्यात एकच. गळती कुणाची होते ते मॅडमनी सांगितलं होतं ना! मग मावशी? दुसऱ्यांदा पेरं मोजत होत्या, ते आठवायचं आणि मी निवडलेली भाजी परत निवडत बसायची. मग मीच मला समजवायची, छे गं, बारस बरोबर सांगितली होती की! आणि लगेच दुसरा विचार. मावशी ठणठणीत आहेत आणि फक्त माझ्या त्या नापास म्हणण्याने दुखावल्या असतील, तर? मग तर मीच त्यांना घालवलं. एकीकडे मावशींची आठवण, दुसरीकडे माझी जीभ, दोन्हींपैकी काय खरं ठरावं असं वाटत होतं, हे मला विचारू नका. मला दोन्ही नको होतं. घरात मी एवढी करवादले, की नवऱ्याने विचारलं, “तुझा निकाल आहे का यंदा?”

महिना संपायला आठ दिवस राहिले, तेव्हा मी सरळ अर्नाळ्याला गेले. फोन नाही, काही नाही. दार लोटलेलं होतं, कडी नव्हती. उंबऱ्याशी मावशींच्या निळ्या पट्ट्याच्या चपला नव्हत्या. आतून कुणी बोललं नाही. मी मनाशी म्हटलं, झालं, खरंच पाचूबंदरला गेल्या असतील, उगीच संशय घेतला. तरी पाय वळले किनाऱ्याकडे.

मावशी तिथेच होत्या. बोंबलांनी भरलेल्या बांबूंच्या पलीकडे, वाळूवर फतकल मारून, मांडीशी रिकामी टोपली. मला इतका आनंद झाला, की मी लांबूनच हाक मारली. त्यांनी वळून बघितलं, आणि ओळखलं. ओळखलं ना! मला तेवढंच हवं होतं.

“काय करताय उन्हात?”

“होडी येल ना आता. बसलंय.”

मी समोर बघितलं. पाणी पार लांब गेलेलं, मधे नुसता ओला चिखल आणि त्यात कलंडलेल्या दोन होड्या. त्या किनाऱ्याला भरतीशिवाय होडी लागत नाही, हे मावशींनीच मला शिकवलं होतं. मला दिसलं सगळं, पण माझं लक्ष होतं मावशींच्या तोंडाकडे. रागावल्यात का, एवढंच मी बघत होते. अक्कल कुठे गहाण टाकली होती कोण जाणे.

मी शेजारी बसले. म्हटलं, “मावशी, मी गेल्या वर्षी काहीतरी वेडंवाकडं बोलले. चुकलं माझं.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. टोपली जवळ ओढत म्हणाल्या, “मी नापास हाय ना गो? सून बोलते, परत नापास झाली त लोका बोलतीन.”

मला रडूच आलं. साठी उलटलेल्या, चार पोरं वाढवलेल्या, भर बाजारात पुरुषांना गप्प बसवणाऱ्या बाईला मी नापास करून आले होते. मी म्हटलं, “मावशी, ही परीक्षा नाहीच हो. यात कुणी पास नाही, नापास नाही. आणि नको असेल तर नका बसू. मी नुसती भेटायला येईन.” हे अगदी नियमाप्रमाणे बोलले, आणि पहिल्यांदाच मनापासून. त्यांनी नुसती मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही. मी उठले तेव्हा त्या पुन्हा त्या चिखलाकडे बघत होत्या.

परत येताना रिक्षात ठरवलं, की उद्या मॅडमना सांगायचं, नकार लिहा. एका माणसाला त्रास देऊन आपलं कोष्टक कशाला पुरं करायचं? खरं सांगते, जरा सुटल्यासारखंही वाटलं. फेरी झाली असती तर जे कळायची भीती होती, ते आता कळणार नव्हतं. नकार दिल्यावर घरच्यांनी टाकलेला सुटकेचा निःश्वास मी कितीदा दाराबाहेरून ऐकला होता, त्या दिवशी तो माझ्या स्वतःच्या तोंडून निघाला.

पण तीन दिवसांनी सुनेचाच फोन. “ताई, रविवारी या. मला सुट्टी आहे. आई तयार आहेत.”

तयार आहेत! मी फोनवरच दोनदा थँक यू म्हटलं. रविवारी सकाळी कॅलेंडर बघितलं, सप्तमी होती. ताजी सुरळीची वडी करून डब्यात घेतली, कधी नव्हे ते लाल पेन सोडून निळं घेतलं, आणि साडेदहाच्या सुमाराला अर्नाळ्याला पोचले.

मावशींना न्हाऊ घालून, इस्त्रीचं पातळ नेसवून खुर्चीत बसवलं होतं. केसांत अबोली. सून शेजारी मोढ्यावर. घरचं कुणी शेजारी बसून उत्तरं सुचवू नयेत असा नियम आहे, तो मी सांगितला. सून उठली आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली. तेही चालत नाही खरं तर, पण आधीच एवढं अवघड करून ठेवलं होतं मी, की पुढे बोलायची हिंमत झाली नाही.

“मावशी, आज तारीख काय?”

आणि मावशींनी तारीख सांगितली. नुसती तारीख नाही. तारीख, महिना, साल, वार, ओळीने, एका दमात, मी विचारलेलं नसतानासुद्धा. चार वर्षांत पहिल्यांदा.

पाठांतर मला कानाने कळतं. इतकी वर्षं पोरांकडून पाढे म्हणून घेतलेत, कोणता पोरगा मोजून सांगतो आणि कोणता चालीवर सांगतो, ते पाठ फिरवून बसले तरी ओळखेन मी. मावशींनी तारीख चालीवर सांगितली होती. मी मान वर केली तर दारात सुनेचे ओठ हलत होते. मावशींबरोबरच थांबले.

मी चौकोनात एक लिहिला. नियम तोच होता ना, तारीख बरोबर असेल तर एक. पुढचे प्रश्न विचारले. शब्द दर वर्षी नवे असतात; तीनांच्या जागी एकच आला, तोसुद्धा मी सांगितलेला नव्हे, गेल्या वर्षीचा. तो कसा राहिला असेल देव जाणे. गावाचं नाव आलं. घड्याळ काढायला सांगितलं, तर त्यांनी गोल काढला आणि पेन मला परत दिलं.

सगळं झाल्यावर मी फॉर्म मिटला, पेनाला टोपण लावलं. आता जे विचारणार होते ते फॉर्मात नव्हतं. मला विचारायचं नव्हतं आणि विचारल्याशिवाय राहवतही नव्हतं.

“मावशी, आणि आज तिथी कोणती?”

त्या आधी हसल्या, मी थट्टा करतेय असं समजून. मग बाहेरच्या दाराकडे बघितलं, मग सुनेकडे. सून जमिनीकडे बघत होती. मावशींचा उजवा अंगठा बोटांच्या पेरांवर फिरायला लागला, पहिल्या पेरावरून दुसऱ्या, दुसऱ्यावरून परत पहिल्या. तिथेच फिरत राहिला. मग त्या माझ्याकडे वाकल्या आणि सुनेला ऐकू जाऊ नये अशा आवाजात विचारलं, “बाय, पानी चढते का उतरते गो?”

मी त्यांचा हात घेतला. त्यांनी माझा घेतला होता तसाच. “आज सप्तमी मावशी,” मी म्हटलं आणि त्यांच्याच पेरांवर मोजून दाखवलं. “सातची पाऊणपट सव्वापाच. पहाटे सव्वापाचला भरती झाली. आता अकरा वाजत आले, म्हणजे उतरतंय. सव्वाअकराला पुरती ओहोटी.”

त्यांनी माझं बोलणं नीट ऐकलं. मग माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि सुनेला सांगितलं, “शानी पोर हाय. पोरीला चाय दे.”

चहाचा कप मी तसाच खाली ठेवला. निघताना सून मला पोचवायला बाहेर आली. चेहऱ्यावर इतकी आशा, की मला तिच्याकडे बघवेना.

“ताई, पास झाल्या ना? तारीख तर बरोबर सांगितली.”

“तारीख बरोबर सांगितली,” मी म्हटलं. “पण तुम्ही त्यांना या आठवड्यात डॉक्टर मॅडमकडे घेऊन या. मी बोलून ठेवते. थांबू नका.”

तिचा चेहरा उतरला, पण आश्चर्य वाटल्याचं काही दिसलं नाही. मग तिने सांगितलं. पावसाळ्याच्या आधीपासून मावशी भलत्या वेळी किनाऱ्यावर जाऊन बसतात. पाणी नसताना होडीची वाट बघतात. दोनदा हिने कारखान्यातून येऊन त्यांना उन्हातून उठवून आणलं. शेजारच्या बायका हसल्या. गेल्या वर्षी मी तारखेवरून बोलले होते ते तिच्या डोक्यात राहिलं होतं. तारीख आली तर सगळं ठीक आहे असं तिला वाटलं. म्हणून महिनाभर रोज सकाळी कामावर जाण्याआधी वेणी घालताना ती त्यांच्याकडून घोकून घ्यायची.

“आणि तिथी?” मी विचारलं. का विचारलं, माहीत नाही.

ती रडायला लागली. “तिथी मला कुठे येते ताई? ती त्याच सगळ्यांना सांगायच्या. घरात दुसऱ्या कुणालाच येत नाही. मी कुठून शिकवणार?”